रोग्याची साक्ष

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मंडळाच्या व्याख्यानमालेत एका ख्यातनाम डॉक्टरांचे उतारवयातील आरोग्यावर भाषण झाले. वक्ते विद्वान, वाणी रसाळ, आणि सारा जन्म इंदुरात जाऊनही मराठी स्वच्छ. तेव्हा सभागृह भरून गेले होते यात नवल नाही. भाषणाच्या ओघात मानेच्या दुखण्याचा विषय निघाला आणि डॉक्टर म्हणाले, “साठी उलटल्यावर ज्याची मान दुखत नाही, त्याने आपल्या धडावर मान शिल्लक आहे की नाही, हे एकदा चाचपून पाहावे!” सभागृह खो खो हसले. आम्हीही हसलो. हसताना मान मागे गेली आणि उजव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तशी कळ गेली, म्हणून आमचे हसणे इतरांच्या आधी थांबले, इतकेच.

विनोदावर रागावणे हे अरसिकाचे लक्षण होय, आणि आम्ही रागावलोही नाही. परंतु घरी परतल्यावर ते वाक्य मनातून जाईना. त्या विनोदाच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे, आणि तो आम्ही गेली काही वर्षे निरनिराळ्या दवाखान्यांतून, निरनिराळ्या भाषांतून ऐकत आलो आहोत. तो सिद्धान्त असा की, जे दुखणे पुष्कळांना होते ते दुखणेच नव्हे. हा सिद्धान्त चुकीचा आहे, अपायकारक आहे, आणि ज्या शास्त्राच्या अधिकाराने तो सांगितला जातो त्या शास्त्रालाच तो मान्य नाही, असे आमचे म्हणणे आहे. व्याख्यानानंतर प्रश्नांस वेळ नव्हता. म्हणून ते येथे मांडतो.

स्वतःच्या प्रकृतीचे रडगाणे वाचकांपुढे गाण्याची आम्हांस हौस नाही. पण वादात पुरावा लागतो, आणि सर्वांत जवळचा पुरावा आमच्याच खांद्यावर आहे. २०२२ च्या पावसाळ्यात हे दुखणे सुरू झाले. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका आणि मुद्रिते तपासण्यात वाकलेली मान ती. ती कधी कुरकुरली तर नवल नाही, असे समजून आम्ही उशी बदलली, तेल चोळले, गरम पाण्याची पिशवी घेतली. आठ दिवसांत उतरणारी उसण आम्हांस ठाऊक होती. ही उतरली नाही. महिन्याभराने कळ खांद्यावरून दंडात आली, दंडातून पुढे मनगटाकडे गेली, आणि अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांना रात्रंदिवस मुंग्या येऊ लागल्या. रात्री झोप येईना. एके रात्री कंटाळून आम्ही हात उचलून डोक्यावर ठेवला, आणि काय आश्चर्य, कळ उतरली. त्या दिवसापासून आम्ही हात डोक्यावर ठेवून झोपू लागलो. घरात त्यावरून थट्टा झाली ती निराळी.

पहिल्या डॉक्टरांनी विचारले, “दर्द कहाँ है, अंकल?” आम्ही मानेला हात लावला. दुसरे वाक्य आमच्या तोंडून निघण्यापूर्वी त्यांचे चिठ्ठीवर लिहिणे सुरू झाले होते. गोळ्या पाच दिवसांच्या, मलम महिन्याचे. दुसरे हाडांचे तज्ज्ञ. त्यांनी आमच्याकडे न पाहता आमच्या क्ष-किरण चित्राकडे पाहिले, उजेडासमोर धरून म्हणाले, “गैप कम हो गया है। उम्र है।” आणि गळ्यात एक पट्टा अडकवून दिला. हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते, हे आम्ही आवर्जून सांगितले. ते सौजन्याने हसले आणि पुढच्या रोग्याला हाक गेली. तिसरे डॉक्टर मराठी. आम्ही मोठ्या आशेने गेलो. निदान येथे तरी आपले शब्द आपल्यालाच अनुवादून सांगावे लागणार नाहीत! त्यांनी चहा विचारला, आमच्या दिवंगत वडील बंधूंची आठवण काढली, आणि म्हणाले, “काका, या वयात हे चालायचंच. निवृत्त झालात, घरी बसून लक्ष तिकडेच जातं. मन रमवा कशात तरी.” त्या वेळी आमच्या टेबलावर एका कोशाची सहाशे पृष्ठांची मुद्रिते पडून होती, आणि उजव्या हाताने लेखणी धरवत नसल्यामुळेच ती पडून होती. हे सांगावयास आम्ही तोंड उघडले तोच त्यांचा भ्रमणध्वनी वाजला.

या तिन्ही गृहस्थांविरुद्ध आमची वैयक्तिक तक्रार नाही. ते दुष्ट नव्हते, अडाणी नव्हते, पैशाचे लोभीही नव्हते. तिसऱ्यांनी तर फीच घेतली नाही. तक्रार आहे ती अशी की, तिघांपैकी एकानेही आमच्या हाताला हात लावला नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. सुश्रुताने ती सहा केली, म्हणजे पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. हातात शिरून बोटांपर्यंत जाणारी आणि बाहूची शक्ती हिरावणारी व्याधी त्याच्या ग्रंथात ‘विश्वाची’ या नावाने आलेली आहे. आम्ही आयुर्वेदाचे अभिमानी म्हणून हे सांगत नाही. जुने ते सोने या म्हणीवर आमचा फारसा विश्वास नाही. सांगावयाचे एवढेच की, रोग्याला विचारणे हा डॉक्टरांनी त्याच्यावर केलेला उपकार नसून परीक्षेचे एक अंग आहे, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसासही कळत होते. आज दर्शन यंत्राकडे गेले, स्पर्शन रक्त काढणाऱ्या मुलाकडे गेले, आणि प्रश्न उरला तो ‘कुठे दुखते?’ एवढाच. ‘कसे दुखते?’ हा प्रश्न बंद पडला.

आणि ‘कसे’ यातच सारे आहे. वाचकांनी क्षणभर आपल्या बोलीकडे पाहावे. ठणका लागतो तो पिकलेल्या गळवाचा. ठसठस नखुरड्याची. सल काट्याचा, रग ओझे वाहिलेल्या खांद्याची, चमक पाठीत भरते, उसण कमरेत. कळ ही एका जागी राहात नाही, ती येते आणि जाते, वाट काढीत जाते. झिणझिण्या कोपर आपटल्यावर, मुंग्या पायावर पाय ठेवून बसल्यावर, तिडीक मस्तकात. आग होणे निराळे, बधिर होणे निराळे, आखडणे निराळे आणि अवघडणे निराळे. आमच्या आजीने शरीरशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, पण नातवंड रडू लागले की ती पहिला प्रश्न विचारी तो हाच, “ठणकतंय, की नुसतं दुखतंय?” रग म्हटली की स्नायू शिणला, ठणका म्हटला की आत पू धरला, आणि कळेबरोबर मुंग्या म्हटल्या की शिरेचे काही तरी बिनसले, एवढा भेद तिच्या भाषेनेच तिला शिकविला होता. रोनाल्ड मेलझॅक या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेचे मोजमाप करण्यासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, ती म्हणजे वेदनेच्या ७८ विशेषणांची यादीच आहे. जे आजी चुलीपाशी करीत होती ते त्याने विद्यापीठात केले. त्याची थट्टा कोणी केली नाही.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाची अडचण येथे दुहेरी होते. हिंदी दरिद्री आहे असे कोणी समजू नये. टीस आहे, कसक आहे, चुभन आहे, जलन आहे, झनझनाहट आहे. ज्याची ती मायबोली आहे तो त्यांतून अचूक शब्द उचलतो. परंतु आमच्यासारखा, ज्याने बाजार, कचेरी आणि शेजार यांपुरती हिंदी आत्मसात केली, तो दवाखान्याच्या खुर्चीवर बसला की त्याच्या ओठांवर एकच शब्द येतो: ‘दर्द’. पन्नास वर्षे माळव्यात राहून आम्ही हिंदीत भाषणे केली, भांडणे केली, एकदा कविताही केली. पण वेदना हिंदीत व्हावयास आम्हांस कोणी शिकविले नव्हते. हैदराबादेत, बडोद्यात, बंगळुरात राहणाऱ्या आमच्या वाचकांस याचा अनुभव असेलच. मुंबईहून आलेली म्हातारी आई मुलाच्या घरी कन्नड डॉक्टरापुढे बसते, सून मध्ये दुभाषी होते, आणि आईने दोन मिनिटे सांगितलेले सून ‘नेक पेन’ या दोन शब्दांत आटोपते, हे दृश्य नवे नाही. त्या दोन मिनिटांत रोगाचे निदान असू शकते, आणि ते दाराबाहेरच राहते.

कोणी म्हणेल, रोग्याच्या बडबडीत कसले आले निदान? तर त्याचे उत्तर डॉक्टरांच्याच मासिकांतून देता येते. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्पटन आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध आला. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रोग्यांपैकी ६६ जणांत केवळ हकिकत ऐकून झालेले निदानच शेवटी बरोबर ठरले. शारीरिक तपासणीने मत बदलले ते ७ जणांत आणि प्रयोगशाळेने ७ जणांत. आता याच्या जोडीला १९८४ सालचा बेकमन व फ्रँकेल यांचा अमेरिकेतील निबंध ठेवावा. त्यांनी ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या; डॉक्टर रोग्याचे बोलणे सरासरी अठराव्या सेकंदाला तोडीत होते. ज्या साधनाने ८० पैकी ६६ निदाने होतात ते अठरा सेकंदांत म्यान करावयाचे, आणि मग सहा हजारांचे चित्र काढावयास पाठवावयाचे, याला शास्त्रीय वृत्ती म्हणावे काय?

चित्राविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या समाजात चित्रावर मूर्तीइतकी श्रद्धा आहे. जपानात धडधाकट अशा १२११ स्त्रीपुरुषांच्या मानेची चुंबकीय प्रतिमा घेण्यात आली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांना मानेची कोणतीही तक्रार नव्हती. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेतील चकत्या फुगलेल्या निघाल्या! व्याख्याते डॉक्टर कदाचित हेच प्रमाण आपल्या विनोदाच्या समर्थनार्थ पुढे करतील: पाहा, सर्वांनाच हे असते. पण त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. चित्रात बिघाड असूनही दुखणे नसते, म्हणजे चित्र एकटे काहीच सांगत नाही. कोणता बिघाड कोणत्या कळेचा धनी, हे ठरविण्यास रोग्याचे सांगणे आणि हातोडीचा ठोका यांवाचून गत्यंतर नाही. चित्र पाहून ‘उम्र है’ म्हणणारा आणि चित्र पाहून ‘उद्याच ऑपरेशन’ म्हणणारा, हे दोघे एकाच चुकीचे दोन भाऊ आहेत. दोघांनीही रोग्याला विचारलेले नसते.

आमचे निदान अखेर कोणी केले? एका मोठ्या रुग्णालयात मज्जाविकारांचे उच्च शिक्षण घेत असलेल्या तिशीच्या आतल्या एका मुलीने. ती माळव्यातलीच, मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. आम्ही सवयीने ‘दर्द’ म्हणालो. ती म्हणाली, “दर्द तो सब कहते हैं। कैसा लगता है? अपनी भाषा में बोलिए, हाथ से दिखाइए।” आम्ही मराठीत सांगितले आणि डाव्या हाताच्या बोटाने उजव्या हातावर त्या कळेची वाट आखून दाखविली. तिने सदरा काढावयास लावला. दोन्ही कोपरांच्या वळणीत रबरी हातोडीने ठोके दिले. डावा हात उडाला, उजवा जेमतेम हलला. मान उजवीकडे कलती करून किंचित मागे नेली आणि डोक्यावर हलका दाब दिला. कळ सरळ अंगठ्यात गेली आणि आम्ही ओरडलो. ही परीक्षा स्पर्लिंग नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याच्या नावाने ओळखली जाते व ती १९४४ पासून वैद्यकात आहे, हे आम्हांस मागाहून कळले. हात डोक्यावर ठेवून झोपतो हे सांगताना आम्ही जरा संकोचलो होतो, तिने मान वर करून विचारले, “यह आपने पहले किसी को नहीं बताया?” बताया होता, बाई! शीर मुळाशी दाबली गेली की हात वर उचलल्याने तिच्यावरचा ताण कमी होतो, आणि ही खूण वैद्यकाच्या पुस्तकात नोंदलेली आहे. तीन दवाखान्यांत ज्यावर स्मित केले गेले तोच खटल्यातला मुख्य साक्षीदार निघाला.

मानेत मणके सात, पण तेथून निघणाऱ्या चेतातंतूंच्या जोड्या आठ. त्यांतली सहावी अंगठ्याकडे जाते, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे. मुंग्या कोणत्या बोटाला हे कळले की मानेत कोठे पाहावयाचे हे कळते. इतका सोपा हा नकाशा आहे. या साऱ्या परीक्षेस किती वेळ लागला? समोर भिंतीवर घड्याळ होते. आठ मिनिटे. नंतर प्रतिमा काढली तेव्हा तिने सांगितलेल्या जागीच दाब निघाला. शस्त्रक्रिया लागली नाही. बहुतेकांना लागत नाही, काही आठवड्यांत वा महिन्यांत हे दुखणे पुष्कळसे निवळते, हेही तिनेच सांगितले. व्यायाम, बसण्याची सुधारलेली रीत आणि शिरेच्या वेदनेवरील औषध यांनी चार महिन्यांत आम्ही पुन्हा लेखणी धरू लागलो. पूर्ण बरे झालो असे नव्हे. पण ‘हे काय आहे’ हे कळल्यावर अर्धी रात्र झोप आली, ती औषधाच्या आधी.

लेख येथे संपता तर तो एका सुखान्त हकिकतीचा झाला असता. पण निघताना त्या मुलीने आम्हांस एक इशारा दिला. कपड्याचे बटण लावता येईनासे झाले, हातातून वस्तू पडू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी या. कारण मग दाब शिरेवर नसून खुद्द मज्जारज्जूवर आलेला असतो. आम्ही जिना उतरता उतरता थांबलो. हे वर्णन आम्ही ऐकले होते. देवासच्या आमच्या थोरल्या वहिनींकडून ऐकले होते, आणि दोन वर्षे ऐकत होतो.

वहिनींची मान फारशी दुखत नव्हती. म्हणून तर मानेकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांच्या हातून प्रथम वाट्या पडू लागल्या. मग पोळी लाटताना ती गोल होईना; ज्या बाईच्या पोळीला देवासच्या आळीत नाव होते, तिच्या पोळीचे नकाशे होऊ लागले आणि मुले हसू लागली. सुईत दोरा ओवेना. पाय जमिनीवर पडतात की कापसावर, ते कळेना. डॉक्टरांनी रक्तातील साखर पाहिली, थायरॉइड पाहिले, जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. एकाने मनगटात शीर दाबली आहे म्हणून मनगटाला पट्टी बांधली. एकाने त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले की, दादा गेल्यापासून आई एकट्या पडल्या आहेत, मनावर घेतले आहे. आणि २०२२ च्या दिवाळीत त्या आम्हांस म्हणाल्या होत्या, “भाऊजी, हात माझा राहिला नाही हो.” आम्ही काय उत्तर दिले? “वहिनी, आता वय झालं आपलं.”

होय, हे आमचेच वाक्य. त्या वेळी आमच्या स्वतःच्या हाताला मुंग्या येत होत्या, आणि आमच्या वयाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांवर आम्ही मनातून चिडलेले होतो. तरीही तेच वाक्य, त्याच सुरात, आम्ही एका स्त्रीच्या तोंडावर फेकले. तेव्हा व्याख्यात्यांच्या विनोदावर हसणाऱ्यांत आमचा समावेश होता हे आम्ही आरंभीच कबूल केले, ते उगीच नव्हे.

त्याच आठवड्यात वहिनींना इंदुरास आणले. त्या मुलीने त्यांना दहा सेकंद मूठ वळावयास आणि उघडावयास सांगितले. धडधाकट माणूस दहा सेकंदांत वीस वेळा हे सहज करतो. वाचकांनी आत्ताच करून पाहावे, त्यास यंत्र लागत नाही. वहिनींना नऊ वेळा जमले. पावलापुढे पाऊल टेकवीत सरळ रेषेत चालता आले नाही. २०२३ च्या अखेरीस त्यांच्या मज्जारज्जूवरील दाब काढण्याची शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेने होणारी हानी थांबते. झालेली सगळी भरून येतेच असे नाही. वहिनी आज काठी घेऊन घरात फिरतात. पोळ्या सून करते. सुईदोऱ्याचा डबा त्यांनी नातीला देऊन टाकला.

आता हे दुर्मिळ दुर्दैव आहे असे कोणी म्हणू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या विकाराच्या रोग्यांना पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे आढळले, आणि मनगटातली शीर दाबली गेल्याचे चुकीचे निदान त्यांतील कितीतरी जणांच्या वाट्याला आले होते. वहिनींची दोन वर्षे म्हणजे जगाची सरासरीच झाली. वस्तुतः मानेचा झिजलेला कणा शिरांना आणि रज्जूला काय काय करतो, याचे व्यवस्थित वर्णन १९५२ सालीच लंडनच्या तीन वैद्यांनी प्रसिद्ध केले होते. त्यांतल्या पहिल्याचे आडनाव ब्रेन आणि ज्या मासिकात ते आले त्याचेही नाव ‘ब्रेन’, म्हणून ते लक्षात राहावयास हरकत नव्हती. सत्तर वर्षे हे ज्ञान छापलेले पडून आहे.

डॉक्टरांच्या बाजूने जे बोलले जाते ते आम्ही ऐकले नाही असे नाही. दाराशी ऐंशी रोगी बसलेले, प्रत्येकाची कहाणी ऐकत बसलो तर रात्र होईल! हे खरे आहे. २०१७ च्या एका जागतिक आढाव्यात रोग्यास मिळणारा वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आणि आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे असल्याचे दिसले. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरावर हा अन्यायच आहे, आणि त्याविरुद्ध तो उभा राहिला तर आम्ही त्याच्यामागे उभे राहू. परंतु आमच्या तिघांपैकी कोणीही सरकारी दवाखान्यातला नव्हता. आणि ऐंशी रोग्यांत सगळेच मानेचे नसतात. ज्याचा हात दुबळा होत चालला आहे तो ओळखावयास मूठ उघडमीट करण्याचे दहा सेकंद पुरतात. वेळ नाही हे कारण दहा सेकंदांना कसे लागू पडते, ते आम्हांस कोणी समजावून द्यावे.

दुसरा युक्तिवाद मनाचा. वेदनेत मनाचा भाग असतो, हे आम्ही नाकारीत नाही. मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या उपपत्तीपासून हे शास्त्रमान्यच आहे की, शिरेतून आलेला संदेश वर जाता जाता कमीजास्त होऊ शकतो, आणि चिंता, एकटेपणा, अनिद्रा यांचा त्यात हात असतो. पण ‘मनाचाही भाग आहे’ यावरून ‘शरीराचा भाग नाही’ हे कोणत्या तर्कशास्त्राने निघते? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात स्पष्ट नोंदले की, मनुष्य आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. शिवाय हा मनाचा निवाडा बायकांच्या वाट्याला अधिक येतो. आम्हांस मन ‘रमवावयास’ सांगितले. वहिनींना मन ‘आवरावयास’ सांगितले. पुरुष रिकामा म्हणून दुखते, बाई रडवी म्हणून दुखते!

आणि रोगी? तोही निर्दोष नाही. आपण दवाखान्यात जातो ते निवाडा ऐकावयास, साक्ष द्यावयास नव्हे. डॉक्टरांपुढे कमी बोलणे ही सभ्यता मानतो, आणि बाहेर येऊन बाकावरच्या अनोळखी माणसाला सारे सांगतो. आम्ही आता एक गोष्ट करतो: घरून निघण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहून नेतो. केव्हा सुरू झाले, कोणत्या बोटापर्यंत जाते, कशाने वाढते, कशाने उतरते, आणि काय करता येईनासे झाले. शेवटची ओळ सर्वांत मोठ्या अक्षरात, कारण ‘फार दुखते’ हे डॉक्टरांनी हजार वेळा ऐकलेले असते, पण ‘सदऱ्याचे बटण लागत नाही’ हे ऐकून हात लिहिता लिहिता थांबतो. शब्द मराठी असले तरी चालतील. दुभाषी मुलासुनांनी ते गाळू नयेत. आणि कोणत्याही दवाखान्यातून आपले कागद मागून घ्यावेत. मागितल्यापासून बहात्तर तासांत ते देणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

व्याख्याते डॉक्टर पुढील गणेशोत्सवातही येणार असल्याचे कळते, आणि त्यांचे स्वागत आम्ही मनापासून करू. मात्र मंडळाच्या चिटणीसांस आम्ही एक पत्र दिले आहे. त्यात दोनच विनंत्या आहेत. पहिली, व्याख्यानानंतर श्रोत्यांस प्रश्नांसाठी अर्धा तास मिळावा. दुसरी, व्याख्यान वरच्या सभागृहात न ठेवता खालच्या पटांगणात मांडव घालून ठेवावे. वहिनी यावयाचे म्हणत आहेत, आणि वर जावयास बावीस पायऱ्या आहेत.